जाळे कोणी उचलले? : ‘एक, अनेक और एकता’ या बालचित्रपटाविषयी

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लहानपणी पाहिलेल्या चित्रपटांविषयी मोठी माणसे बोलू लागली की त्यांचा स्वर हळवा होतो. १९७४ साली तयार झालेला ‘एक, अनेक और एकता’ हा अवघ्या सात मिनिटांचा कार्टूनपट याला अपवाद नाही. दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षे पुनःपुन्हा दाखविला गेला. शेजारच्या घरातील एकुलत्या एका दूरचित्रवाणी संचासमोर दाटीवाटीने बसून ज्या मुलांनी तो पाहिला, ती आज पन्नाशीच्या घरात पोहोचली आहेत. त्यांतील काही शिक्षक झाली, काही शासकीय नोकरीत शिरली, काही निवडून येऊन पंचायतीत बसली. रंगीत प्रक्षेपण आपल्याकडे १९८२ साली आले. त्यामुळे त्यापूर्वी ज्यांनी तो घरी पाहिला, त्यांना त्यातील फुलपाखरे आणि खारी करड्या रंगाच्याच दिसल्या. तरीही त्यातील गाणे पुष्कळांना अजून तोंडपाठ आहे. गाणे राहिले, ही आनंदाची गोष्ट होय. गोष्ट राहिली काय, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

हा चित्रपट निर्माण करणाऱ्या विजया मुळे या भारत सरकारच्या शिक्षण खात्यातील अधिकारी होत्या. शासकीय माध्यमातून निघालेली कृती निरस असावयाचीच, असा समज बाळगणाऱ्यांनी ही बाब अवश्य ध्यानी घ्यावी. विजयाबाईंचा जन्म १९२१ चा, मुंबईचा. विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या, तेथून शिष्यवृत्ती मिळवून शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात गेल्या आणि परतल्यावर १९५४ साली दिल्लीस शिक्षण मंत्रालयात रुजू झाल्या. चांगले चित्रपट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचावेत म्हणून चालविलेल्या फिल्म सोसायटीच्या चळवळीत त्या आरंभापासून होत्या. १९५९ साली या सोसायट्यांचा जो महासंघ स्थापन झाला, त्याचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि सहचिटणीस विजया मुळे. पुढे १९७५–७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी नेण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यातील ग्रामीण मुलांसाठीच्या कार्यक्रमांशीही त्यांचा निकटचा संबंध राहिला. २०१९ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चित्रे रेखाटली भीमसेन यांनी. मुलतानमध्ये जन्मलेले आणि फाळणीनंतर लखनौस वाढलेले हे चित्रकार मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तेथे राम मोहन यांच्या हाताखाली हलत्या चित्रांची कला शिकले. पुढे ‘घरौंदा’ (१९७७) हा मुंबईतील घरटंचाईवरचा बोलपट त्यांनीच दिग्दर्शित केला. संगीत वसंत देसाई यांचे. सिंधुदुर्गातील सोनवडे गावचे, प्रभात आणि राजकमलच्या मुशीत घडलेले हे संगीतकार. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. म्हणजे हे त्यांचे अखेरच्या काळातील काम. त्यांनी या चित्रपटासाठी ज्या बालगायिकेचा आवाज निवडला, ती पुढे साधना सरगम म्हणून विख्यात झाली. तिचे जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ. शेवटचे समूहगीत विनयचंद्र मौद्गल्य यांचे. ते दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक आणि पुण्याच्या विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य. मुंबई, मुलतान, कोकण, दिल्ली अशा चार दिशांची माणसे या सात मिनिटांत एकत्र आली, हे सांगावयास हवे. परंतु त्यावर अधिक बोलणे म्हणजे चित्रपटाचे कौतुक करीत चित्रपटच विसरणे होईल.

चित्रपटाचा आरंभ एका शब्दाच्या अर्थापासून होतो. एक लहानगा आपल्या ताईला विचारतो, ‘अनेक’ म्हणजे काय? ताई सांगते, पुष्कळ. पण पुष्कळ काय? मग ती आकाशाकडे बोट दाखविते. सूर्य एक आहे, चंद्र एक आहे, तारे मात्र अनेक. येथे चित्रपटकर्तीने जे केले आहे, त्यासाठी तिला शिक्षणशास्त्राची वेगळी पदवी द्यावयास हरकत नाही. ते मूल चुकते. ताऱ्यांनाच ‘अनेक’ असेही म्हणतात की काय, असे ते विचारते.

ही चूक साधी नाही. वर्गात ज्यांनी वर्षे काढली आहेत, त्यांना ती लगेच ओळखू येईल. शिक्षकाने उदाहरण दिले, विद्यार्थ्याने उदाहरणालाच व्याख्या समजून घेतले. फळ्यावर त्रिकोण नेहमी एकाच बाजूवर बसलेला काढला, तर उलटा त्रिकोण मुलाला त्रिकोण वाटत नाही. तोच प्रकार हा. अशा वेळी सामान्यतः दोन गोष्टी घडतात. एक तर मुलाला हसले जाते, किंवा व्याख्या अधिक मोठ्याने पुन्हा सांगितली जाते. चित्रपटातील ताई यांपैकी काहीही करीत नाही. ती नाही म्हणते आणि उदाहरण बदलते. एक खार, अनेक खारी. एक फुलपाखरू, अनेक फुलपाखरे. एक पक्षी, अनेक पक्षी. शब्द तोच राहतो, वस्तू बदलत जाते, आणि शब्द वस्तूपासून सुटा होऊन मुलाच्या हाती येतो. मराठी मुलांना तर एक जादा शब्दही मिळाला. ‘गिलहरी’ म्हणजे खार, हे कित्येकांना शाळेतील हिंदीच्या पुस्तकापूर्वी या चित्रपटानेच शिकविले.

बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालवाड्यांतून भोवतालच्या पाना-फुलांचा, बिया-खड्यांचा शिकविण्यासाठी जो उपयोग केला, त्यामागील विचार याच जातीचा होता. बालकाला शब्द नंतर द्यावा, वस्तू आधी द्यावी. अंगणवाडीच्या ताईंना आणि पहिली-दुसरीच्या गुरुजींना ही दोन मिनिटे प्रशिक्षणातील एखाद्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

यानंतर गोष्ट येते. दाणे टिपावयास पक्ष्यांचा थवा उतरतो, पारध्याच्या जाळ्यात सापडतो. घाबरगुंडी उडते. त्यांच्यातील एक शहाणा पक्षी सांगतो, की सगळ्यांनी एका वेळी जोर करावा आणि जाळ्यासकट उडावे. सगळे एकदम झेपावतात, जाळे जमिनीवरून उचलले जाते, पारधी पाहत राहतो. दूर त्यांचे मित्र उंदीर राहतात. ते जाळे कुरतडतात आणि पक्षी मोकळे होतात.

ही कथा विजयाबाईंनी रचलेली नव्हे, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात, आणि तेथून हितोपदेशात, ती कबुतरांचा राजा चित्रग्रीव आणि उंदीर हिरण्यक यांच्या नावाने येते. शाळकरी वाचकांना तिचे तात्पर्य ‘एकीचे बळ’ असे सांगितले जाते आणि पान उलटले जाते. परंतु मूळ कथेत दोन बारकावे आहेत, त्यांकडे दुर्लक्ष होऊ नये.

पहिला बारकावा उंदराचा. कबुतरांची एकी कितीही भक्कम असली, तरी तिने जाळे उचलले, तोडले नाही. शंभर पंख एकत्र आले म्हणून दात उगवत नाहीत. जाळे तोडण्यासाठी वेगळ्या जातीचा, वेगळ्या गुणाचा, जमिनीखाली राहणारा मित्र लागला, आणि त्याच्याशी मैत्री आधीपासून असावी लागली. संकट आल्यावर उंदीर शोधावयास निघालेला थवा बिळापर्यंत पोहोचलाच नसता. गावाच्या कारभारात याचा अर्थ उघड आहे. गावाने एकमुखाने ठराव केला, तरी बंधाऱ्याची जागा ठरविण्यासाठी भूजलाची माहिती असणारा माणूस लागतो, हिशेब नीट ठेवणारा लागतो, जमिनीच्या जुन्या नोंदी वाचू शकणारा लागतो. बहुमत हे त्यांच्या जागी काम करू शकत नाही. आणि ही माणसे बहुधा आपल्या गटातील नसतात.

दुसरा बारकावा राजाचा. हिरण्यक बिळातून बाहेर येतो आणि मित्राच्या ओढीने प्रथम चित्रग्रीवाचाच पाश तोडावयास जातो. चित्रग्रीव त्याला थांबवितो. आधी माझ्याबरोबरच्यांचे पाश तोड, माझे नंतर. उंदराचे दात लहान, शक्ती थोडी, कबुतरे पुष्कळ. आपली पाळी येईपर्यंत ते दात झिजतील, हा धोका चित्रग्रीवाला दिसत नव्हता असे नव्हे. तरीही त्याने क्रम बदलला नाही. चित्रपटाला सात मिनिटेच होती, शिवाय त्याचा प्रेक्षक पाच-सहा वर्षांचा; म्हणून हा प्रसंग त्यात नाही. सभागृहात बसलेल्या सदस्यांनी तो पदरचा जोडून घ्यावा. नळयोजनेची पहिली जोडणी कोणत्या आळीत गेली, यावरून गावाला पुढाऱ्याची जी परीक्षा करता येते, ती त्याच्या भाषणावरून करता येत नाही.

येथपर्यंत सारे सुखाचे आहे. पण या कथेला एक जुळे भावंड आहे. बौद्धांच्या जातककथांत ‘सम्मोदमान’ नावाचे जातक आहे. त्यात कबुतरांऐवजी लाव्हे आहेत. पारधी लाव्ह्यांचा आवाज काढून त्यांना गोळा करतो आणि वर जाळे टाकतो. थव्याचा शहाणा नायक सांगतो, की प्रत्येकाने जाळ्याच्या एकेका छिद्रातून डोके बाहेर काढावे, सर्वांनी मिळून जाळे उचलून न्यावे आणि काटेरी झुडपावर टाकून खालून निसटावे. दुसऱ्या दिवशी तसेच घडते. तिसऱ्या दिवशीही. पारधी रोज संध्याकाळपर्यंत काट्यांतून आपले जाळे सोडवीत बसतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. बायको रागावते, तेव्हा तो शांतपणे सांगतो, की ते एकदिलाने वागतात तोवर आपला इलाज नाही. पण ते भांडतील, त्या दिवशी सगळ्यांना घेऊन येईन.

आणि ते भांडतात. कारण काय? चरताना एका लाव्ह्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. एवढेच. तो क्षमा मागतो, पण समोरच्याचा राग जात नाही. बोलाचाली वाढत जाते आणि शेवटी शब्द निघतो : जाळे जणू तू एकट्यानेच उचलतोस! नायक हे ऐकतो आणि ओळखतो, की येथे आता सुरक्षितता उरली नाही. तो आपल्या सोबत्यांना घेऊन निघून जातो. काही दिवसांनी पारधी पुन्हा जाळे टाकतो. एक म्हणतो, जाळे उचलताना तुझ्या डोक्यावरचे केस झडले म्हणे, उचल आता. दुसरा म्हणतो, तुझ्या पंखांची पिसे गळली म्हणे, तूच उचल. तू उचल, तू उचल म्हणत ते बसून राहतात, आणि पारधी त्यांना गोळा करून टोपलीत भरतो.

लहान मुलांच्या चित्रपटाने पहिली कथा घेतली, ते योग्यच झाले. जग आरंभीच कडू करून दाखविण्यात अर्थ नाही. मात्र तो चित्रपट पाहून मोठी झालेली माणसे दुसऱ्या कथेत राहतात. पारधी समोर उभा ठाकला, पूर आला, भूकंप झाला, की गाव एक होते. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा मदतीसाठी कोण कोठून धावून आले, याची मोजदाद नव्हती. अवघड असते ते तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवसाचे जाळे. श्रमदानाचा पहिला रविवार उत्साहात जातो, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. पाचव्या रविवारी खोरी घेऊन कोण आले आणि कोण नुसतेच उभे राहिले, याची मनातल्या मनात नोंद सुरू होते. त्यानंतर फलकावर नाव कोणाचे आधी, हा प्रश्न निघतो. गावातील पुष्कळ चांगली कामे विरोधकांनी बंद पाडली असे सांगितले जाते. त्यांपैकी किती कामे ‘उचल आता’ या दोन शब्दांनी बंद पडली, हे ज्याचे त्याने आठवावे.

शाळांतही याहून निराळे नसते. स्नेहसंमेलन पार पडते आणि शिक्षकांच्या खोलीत आठ दिवस अबोला राहतो. कार्यालयांतील अनुभव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

मग यावर उपाय कोणता? चित्रपटाने तो सांगितलेला आहे, पण पक्ष्यांच्या गोष्टीत नव्हे. तो गोष्ट संपल्यानंतर येतो आणि म्हणूनच बहुधा निसटतो. पक्षी सुटल्यावर मुले ताईला विचारतात, की लहानगी मंडळी एक झाली तर मोठे काम करू शकतील का? ताई होय म्हणते. मग समोरच्या झाडावरचे आंबे काढता येतील का? तेही येतील, ताई सांगते, पण त्यासाठी युक्ती करावी लागेल. हिंदीत तिने ‘जुगत’ हा शब्द वापरला आहे. तो मराठीतही आहे, आपणच तो वापरावयाचे सोडले. मुलांच्या डोळ्यांत चमक येते ती ‘एकता’ या शब्दाने नव्हे, ‘जुगत’ या शब्दाने. मग ती एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेऊन उंची गाठतात आणि आंब्यांपर्यंत पोहोचतात.

महाराष्ट्रात थरावर थर लावण्याची ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दहीहंडीच्या रस्त्यावर ती दिसतेच. हंडीपाशी जमणाऱ्यांची नजर वरच्या लहानग्या गोविंदाकडे असते. परंतु ज्यांनी थर लावले आहेत ते सांगतील, की सारा खेळ खालच्या थराचा. तेथे कोण उभे राहील, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर असेल, वरचा चढताना पाय कोठे ठेवील, हे सारे सरावात आधी ठरलेले असते. ऐनवेळी उत्साहाने घुसलेला माणूस तेथे उपकारक नसतो. ‘एकजूट करा’ असे ओरडून थर लागत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाचे उदाहरण वारंवार दिले जाते. इतके, की ऐकणाऱ्यांना त्याचा कंटाळा यावा. तेथे श्रमदान झाले, चर खणले गेले, झाडे लागली, हे सर्वांना माहीत असते. पण श्रमदान इतर गावांतही झाले होते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने त्यापुढे जाऊन जी गोष्ट केली, ती पाण्याच्या ताळेबंदाची. यंदा पाऊस किती पडला, त्यातून हाती पाणी किती, त्यातले माणसांना आणि गुरांना किती, उरलेल्यात कोणती पिके बसतात, याचा हिशेब सर्वांसमोर मांडण्याची पद्धत त्या गावाने घातली. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत आणि फार पाणी पिणारी पिके टाळावयाची, असे नियम केले. म्हणजे कोणी किती उचलावे आणि कोणी किती घ्यावे, याचे उत्तर मनातल्या मनात न ठेवता उघड्यावर मांडले. हिशेब उघड्यावर आला, की टोमण्याला जागा कमी उरते. हीच ती जुगत.

चित्रपटाच्या अखेरीस समूहगीत येते. नाना तऱ्हेची माणसे, एक देश, असा त्याचा आशय. गीत सुरेख आहे, चाल मुलांच्या गळ्याला सहज पेलणारी आहे, आणि देसाईंनी ती तशी हेतुतः ठेवली असावी. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. हे गीत चित्रपटात शेवटी आहे. आधी मुलाचा प्रश्न, मग त्याची चूक, मग गोष्ट, मग आंबे, आणि त्यानंतर गीत. शाळा-शाळांतून जेव्हा हे गीत बसविले गेले, तेव्हा आधीचे सारे गळून गेले आणि गीत तेवढे उरले. राष्ट्रीय सणाच्या सकाळी मुले ते खड्या आवाजात म्हणतात आणि दुपारी कबड्डीच्या संघात कोणाला घ्यावयाचे नाही, यावर वस्ती-वस्तीनुसार दोन तट पडतात. यात गीताचा दोष नाही. मुलांचा तर नाहीच.

हा चित्रपट पाहावयास आता पूर्वीसारखी शेजाऱ्यांची मिनतवारी करावी लागत नाही. तो खिशातील दूरध्वनीवरही दिसतो. शिक्षकांनी तो वर्गात दाखवावा, परंतु सलग दाखवू नये, एवढी एक सूचना येथे करावीशी वाटते. ताऱ्यांच्या चुकीपाशी तो थांबवावा आणि ताईच्या जागी कोणी असते तर तिने काय केले असते, हे मुलांना विचारावे. पक्षी उडाल्यावर पुन्हा थांबवावा आणि विचारावे, आता हे जाळे काढावयाचे कसे? उंदीर बहुतेकांना सुचणार नाही. सुचू नये, कारण तो सुचण्यासारखा नाहीच. आंब्यापाशी तिसऱ्यांदा थांबवावा. वर्गातील उंच मुले आणि ठेंगणी मुले उभी करावीत, खाली कोण आणि वर कोण हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि खाली उभे राहणाऱ्याला आंबा कसा मिळणार, हा प्रश्न कोणीतरी काढीपर्यंत गुरुजींनी गप्प राहावे.

पंचायत सदस्यांनी तो ग्रामसभेच्या आधी, चहा होईपर्यंतच्या सात मिनिटांत पाहावयास हरकत नाही. गीत सुरू होण्यापूर्वी तो बंद करावा आणि कामकाजाचा पहिला विषय वाचावयास घ्यावा. गीत काम झाल्यावर लावता येईल.